तळं बाटलं, नदीचं काय?

२० मार्च १९२७. बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं घेतलं. नंतर सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. माणसानं बाटलेलं पाणी शेणानं शुद्ध! तेव्हा विटाळाला जात होती, मोजमाप नव्हतं.

मोजमाप कायद्यानं आणलं. महाराष्ट्राचा जलप्रदूषण प्रतिबंध कायदा १९६९ चा, केंद्राचा १९७४ चा. आज आंघोळीच्या पाण्यात बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर नको. घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू किती खर्ची पडतो, ते हे माप. त्याला जात कळत नाही, पावित्र्यही नाही.

आम्ही परभणीचे. आमच्या गंगाखेडला लोक गोदावरीत श्रद्धेनं बुडी मारतात. पोरांनो, तिथला आकडा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहिती अधिकारात मागा.