वार्धक्यातील पडणे

उभे असताना, चालताना, बसता-उठताना किंवा अंथरुणातून उतरताना शरीर इच्छेविना जमिनीवर किंवा खालच्या पातळीवर येऊन टेकणे, याला वैद्यकात पडणे म्हणतात. जिन्यावरून कोसळणे जसे यात येते, तसे खुर्चीच्या कडेवर अर्धवट बसल्यामुळे घसरून फरशीवर येणेही येते. लागले की नाही, याचा व्याख्येशी संबंध नाही. घरोघरी मात्र तो जोडला जातो. काही मोडले नाही तर पडल्याची वाच्यता होत नाही. मुले ओरडतील, बाहेर जाणे बंद करतील या धास्तीने आजी-आजोबा ती गोष्ट दडवतात. वर्षभरात एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याची शक्यता बरीच जास्त असते, त्यामुळे ही दडवादडवी महागात पडते.

व्याप्ती : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांखालोखाल पडण्याचा क्रमांक आहे आणि यांतले ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. येल विद्यापीठातील मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आपापल्या घरी राहणाऱ्या, पंचाहत्तरी गाठलेल्या ३३६ जणांवर वर्षभर लक्ष ठेवले होते. त्यांतले ३२ टक्के त्या वर्षात निदान एकदा पडले. कोण पडेल हे बऱ्याच अंशी आधी ओळखता येते, हेही त्यात दिसले. झोपेची औषधे, पायांतील दुबळेपणा, तोल व चाल यांतील बिघाड, स्मृती-आकलनातील कमतरता अशी कारणे जितकी एकत्र येतील, तितका धोका चढत गेला. ‘म्हातारपण म्हटले की पडझड आलीच’ हा समज त्यानंतर टिकण्यासारखा राहिला नाही. २०११ च्या जनगणनेत भारतात साठीपुढचे सुमारे १०.४ कोटी लोक होते. देशाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा ८.६ टक्के होता, महाराष्ट्रात ९.९ आणि गोव्यात ११.२ टक्के.

तोल कसा राहतो, कसा जातो : डोळे, आतल्या कानातील संतुलनेंद्रिय आणि तळवे-घोटे-गुडघे यांतून येणाऱ्या संवेदना या तिन्हींची माहिती मेंदू एकत्र करतो आणि स्नायूंना क्षणोक्षणी हुकूम देतो. मोतीबिंदूने नजर अंधूक झाली, मधुमेहाने तळवे बधिर झाले, तर उरलेल्यांवर भार येतो. तशात दिवे गेले की उरलासुरला आधारही सुटतो. स्नायूंमधले झटकन आकुंचन पावणारे तंतू वयाबरोबर अधिक झिजतात. ठेच लागल्यावर पुढचे पाऊल चटकन टाकून सावरायचे काम याच तंतूंचे. म्हणून तरुणाला लागलेली ठेच ठेचच राहते आणि सत्तरीतला माणूस त्याच ठेचेने आडवा होतो. चालताना पुढे जाणारे पाऊल जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर उचललेले असते. पायपुसण्याची दुमडलेली कड किंवा उंबरठ्याची पट्टी तेवढ्या उंचीची असतेच.

माणसे नेमकी कशी पडतात हे फार काळ सांगोवांगीवरच आधारलेले होते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात स्टीफन रॉबिनोविच यांच्या गटाने दोन वृद्धाश्रयांत कॅमेरे बसवून १३० जणांचे २२७ वेळा पडणे टिपले आणि २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. सर्वांत मोठे कारण, ४१ टक्के वेळा, होते शरीराचा भार चुकीच्या तऱ्हेने एका पायावरून दुसऱ्यावर टाकणे : वळताना, बसायला जाताना, काही घेण्यासाठी हात लांबवताना. पाय अडखळण्याचा वाटा २१ टक्के होता, पाय घसरण्याचा अवघा ३ टक्के. आपल्याकडच्या ओल्या मोऱ्या आणि शेवाळलेली अंगणे पाहता शेवटचा आकडा इथे लागू करता येणार नाही. पहिला मात्र मनावर घ्यावा असा आहे, कारण फरशी कितीही कोरडी ठेवली तरी वळताना तोल सावरण्याची ताकद पायांतच असावी लागते.

हाड कुठले मोडते तेही वयानुसार बदलते. साठीतला माणूस पडताना हात पुढे करतो आणि मनगट मोडून घेतो. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये वर्णन केलेला हाच तो अस्थिभंग. पंचाहत्तरीपुढे हात वेळेवर पुढे येत नाही, माणूस कुशीवर पडतो आणि खुबा मोडतो. खुब्याच्या अस्थिभंगानंतर वर्षभरात २० ते ३० टक्के रुग्ण दगावतात. मृत्यूचे कारण सहसा मोडलेले हाड नसते. अंथरूण धरल्यामुळे होणारा न्यूमोनिया, पायांत धरणाऱ्या रक्ताच्या गुठळ्या आणि शय्याव्रण हे जीव घेतात.

घर आणि रात्र : पडण्याचा मोठा भाग घरातच घडतो. रात्री दोन-अडीचला लघवीला उठण्याचा प्रसंग बारकाईने पाहिला तर सगळी कारणे एका ठिकाणी सापडतात. झोपेच्या गोळीचा अंमल अजून उतरलेला नसतो. घाईची लागलेली असते, म्हणून माणूस ताडकन उभा राहतो आणि रक्तदाब एकदम उतरतो. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला तर ती विकृती समजतात. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी ती बळावते. चष्मा उशाशी सापडत नाही. दुसऱ्या कुणाची झोपमोड नको म्हणून दिवा लावला जात नाही. गाऊनची किंवा साडीची खालची कड पावलाखाली येते, सपाता पायांत धड बसलेल्या नसतात, आणि न्हाणीघराच्या दारात पाणी सांडलेले असते.

उपायही याच क्रमाने सुचतात. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून पावले वरखाली हलवावीत, मग उभे राहावे, आणि उभे राहिल्यावर क्षणभर थांबून पहिले पाऊल टाकावे. वाटेवर रात्रभर मंद दिवा असावा. संडासात आणि नळापाशी भिंतीत पक्के ठोकलेले दांडे हवेत. टॉवेल वाळत घालायची दांडी माणसाचा भार पेलत नाही, ती हातात येते. आंघोळीला बुटके स्टूल न घेता बेताच्या उंचीची, न सरकणारी खुर्ची घ्यावी. गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालून चालू नये. कपडे घोट्याच्या वर राहतील असे शिवून घ्यावेत. कोकणात आणि गोव्यात पावसाळा लागला की चिऱ्याच्या पायऱ्या आणि अंगणाची पाखाडी शेवाळते. ते खरवडून काढणे, ब्लीचिंग पावडर टाकून घासणे हे दर पंधरवड्याचे काम समजावे. जुन्या वाड्यांतले अरुंद, उभे लाकडी जिने दोरीच्या आधाराने चढायची वयस्कांना सवय असते. अशा घरात खालच्या मजल्यावर झोपायची सोय करणे हाच खरा इलाज.

आजार व औषधे : औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये, पण सगळी पाकिटे एका पिशवीत घालून वर्षातून एकदा तरी डॉक्टरांपुढे मांडावीत. हृदयाचे डॉक्टर वेगळे, मधुमेहाचे वेगळे, झोपेची गोळी कधीकाळी कुणीतरी दिलेली. सगळ्यांची बेरीज कुणीच केलेली नसते. एकादशी, चतुर्थीचे उपवास करणाऱ्या मधुमेहींनी त्या दिवशीची गोळी किंवा इन्सुलिन कसे घ्यायचे हे आधी विचारून ठेवावे, नाहीतर साखर उतरून भोवळ येते. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहत बसू नये. नॉटिंगहॅम येथील २००५ च्या चाचणीत पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर झालेल्या स्त्रियांमध्ये पडण्याचे प्रमाण, वाट पाहणाऱ्यांच्या तुलनेत, ३४ टक्क्यांनी कमी आढळले. जवळचे-लांबचे एकत्र असलेल्या चष्म्यातून जिना उतरताना खालची पायरी धूसर दिसते; तेव्हा लांबचा साधा चष्मा बरा.

ड जीवनसत्त्वाचा अतिरेकही वाईट. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिटचा डोस दिला गेला; २०१० मध्ये निष्कर्ष आले तेव्हा त्या स्त्रिया इतरांपेक्षा अधिक वेळा पडल्याचे दिसले. कमतरता तपासून, सांगितलेल्या प्रमाणात ते घ्यावे.

भीती आणि जखडणे : पडल्यावर हाडापेक्षा मन जास्त मोडते. भिंत आणि फर्निचर धरून, पावले फरफटत चालण्याला १९८२ मध्ये ‘पतनोत्तर लक्षणसमूह’ अशा अर्थाचे नाव मिळाले. भीतीत घरच्यांची माया भर घालते. ‘आई, तू आता ऊठबस करू नकोस, काय हवं ते सांग’, ‘बाबा, खाली एकटे जाऊ नका’ ही वाक्ये काळजीपोटीच येतात, पण त्यांचा परिणाम उलटा होतो. बसून राहिलेल्या माणसाच्या मांड्या-पोटऱ्या दहा-पंधरा दिवसांतच उतरू लागतात, आणि ज्या पडण्याच्या भयाने त्याला बसवले ते पडणे जवळ येते. या विषयात सर्वांत जास्त हानी करणारी गोष्ट हीच आहे, आणि ती सर्वांत प्रेमळ घरांत घडते.

व्यायाम : प्रतिबंधाचा सर्वांत भक्कम पुरावा व्यायामाच्या बाजूने आहे. २०१९ च्या कॉक्रेन समीक्षेत १०८ चाचण्या आणि २३ हजारांवर वृद्ध विचारात घेतले होते. व्यायामाने पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटले. तोलाचा आणि ताकदीचा व्यायाम एकत्र केल्यास ३४ टक्क्यांनी. नुसत्या चालण्याने पडणे कमी होते, असे मात्र सिद्ध झालेले नाही. हे मुद्दाम सांगायला हवे, कारण आपल्याकडे ‘रोज सकाळी फिरायला जातो’ म्हणजे व्यायामाची इतिश्री. फिरणे हृदयाला, साखरेला, मनाला उत्तम. आळंदी-देहूहून पंढरीला पायी जाणारे सत्तरीतले वारकरी पाहिले की चालण्याचे बळ कळते. पण सपाट रस्त्यावर सरळ चालताना तोलाची परीक्षा होत नाही. मांडी घालून केलेल्या प्राणायामाचेही तसेच : तो जरूर करावा, पण त्याने पाय बळकट होत नाहीत.

न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात जॉन कॅम्पबेल आणि क्लेअर रॉबर्टसन यांनी १९९० च्या दशकात घरच्या घरी करायचा व्यायामक्रम बसवला. घोट्याला वजनाचे पट्टे बांधून पायांचे व्यायाम, तोलाचे व्यायाम, आठवड्यातून तीनदा अर्धा तास, शिवाय थोडे चालणे. त्यांच्या चाचण्यांत पडण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटले आणि ऐंशीपुढच्यांना फायदा अधिक झाला. बोस्टनमध्ये १९९० साली मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रयातील नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे वजने उचलायला लावली. मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. ‘आता या वयात काय’ याला याहून चोख उत्तर नाही.

खुर्चीवरून उठणे-बसणे हा सर्वांत सोपा आणि गुणकारी प्रकार. खुर्ची भिंतीला टेकवावी. कडेवर सरकून पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत, धड पुढे झुकवावे, टाचा जमिनीत दाबत हातांच्या आधाराशिवाय उठावे. बसताना धप्पकन अंग टाकू नये; सावकाश खाली येण्यातच स्नायूंना खरे काम पडते. पाचापासून सुरुवात करून दहापर्यंत जावे. नंतर स्वयंपाकाचा ओटा धरून चवड्यांवर उंच होणे, एका पायावर उभे राहणे, टाचेपुढे टाच ठेवून ओट्याच्या कडेने चालणे, आणि ओट्यावरची पकड दोन हातांवरून एका हातावर, मग एका बोटावर आणणे. थोडे डगमगले पाहिजे. अजिबात डगमगत नसेल तर तोलाचा सराव होत नाही. जवळ कुणी उभे असावे. भिंतीजवळचे वृक्षासन हे याच जातीचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत वृद्धांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम आणि तीन किंवा अधिक दिवस तोल-ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत. ज्येष्ठ नागरिक संघांच्या सकाळच्या बैठकांत दहा मिनिटे यासाठी काढली तर वेगळ्या खर्चाची गरज नाही.

पाटावर बसून जेवणाऱ्या पिढीला उठबस आपोआप घडे. गुडघे ठीक आहेत त्यांनी दिवसातून एकदा तरी जमिनीवर बसून उठण्याची सवय मोडू नये. गुडघे झिजलेल्यांनी हट्ट धरू नये. आहारात चहा-बिस्किटे आणि मऊ भात यांवर संध्याकाळ निभावणे सोडावे. वृद्धांना दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत (मूत्रपिंडाचा आजार असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने) : घट्ट वरण, उसळ, दही, अंडे, मासळी.

घरी करता येणारी एक चाचणी : हातांच्या खुर्चीतून उठून तीन मीटर चालणे, वळणे, परत येऊन बसणे. नेहमीच्या चालीने बारा सेकंद किंवा जास्त लागले तर फिजिओथेरपिस्टला दाखवावे.

पडल्यानंतर : लगेच ओढून उठवू नये. पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला, खुब्यात कळ आली, डोक्याला मार लागला, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोके आपटले, तर हलवू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. तसे काही नसेल तर कुशीवर वळावे, कोपरावर उठावे, रांगत खुर्चीपर्यंत किंवा पलंगापर्यंत जावे, दोन्ही हात तिच्यावर टेकून बळकट पाय पुढे घ्यावा आणि वळून बसावे. हे धडधाकट असतानाच, गादीवर, एक-दोनदा करून ठेवावे. एकट्या राहणाऱ्यांनी फोन टेबलावर न ठेवता अंगावरच्या खिशात ठेवावा, कारण तासाहून अधिक वेळ जमिनीवर पडून राहिल्यास स्नायूंना आणि मूत्रपिंडांना इजा पोचू शकते. खुबा मोडल्यास शस्त्रक्रिया त्याच किंवा दुसऱ्या दिवशी व्हावी, असे ब्रिटनमधील मार्गदर्शक तत्त्व आहे. प्रकृती स्थिर असेल तर शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णाला आधाराने उभे करतात.