‘न कळणाऱ्या’ चित्रपटाचा खटला

१/ जून १९६७. जपानच्या निक्कात्सु कंपनीने एक कृष्णधवल गुन्हेपट प्रदर्शित केला : ‘कोरोशी नो राकुइन’. जगाला तो पुढे ‘ब्रँडेड टू किल’ या नावाने माहीत झाला. दिग्दर्शक सेइजुन सुझुकी. या चित्रपटापायी त्यांची नोकरी गेली आणि त्यानंतर सुमारे दहा वर्षे त्यांना मोठ्या पडद्यासाठी काम मिळाले नाही.

२/ सुझुकी हे पगारी दिग्दर्शक होते. कंपनीने हाती दिलेल्या पटकथेवर ठरलेल्या मुदतीत आणि बेताच्या खर्चात चित्रपट पुरा करायचा, हा त्या काळचा रिवाज. एका तिकिटात दोन चित्रपट दाखवले जात. त्यांतला दुय्यम चित्रपट बहुधा सुझुकींच्या वाट्याला येई. १९५६ ते १९६७ या काळात त्यांनी असे ४० चित्रपट केले.

३/ त्याच त्या टोळीयुद्धांच्या कथा पुन्हा पुन्हा चित्रित करताना त्यांनी आपली वाट शोधली. कथा बदलता येत नसेल, तर ती सांगण्याची रीत बदलायची. प्रसंगांमधले दुवे गाळायचे, रंग आणि नेपथ्य उघडपणे कृत्रिम ठेवायचे. १९६६ च्या ‘टोकियो ड्रिफ्टर’मध्ये ही शैली ठळक झाली. कंपनीने सबुरीचा इशारा दिला, पण तो व्यर्थ गेला.

४/ ‘ब्रँडेड टू किल’चा नायक गोरो हानादा हा क्रमवारीत तिसरा असलेला भाडोत्री मारेकरी. ही भूमिका जो शिशिदो यांनी केली. शस्त्रक्रियेने फुगवून घेतलेले गाल ही त्यांची ओळख. शिजत्या भाताचा वास हे हानादाचे व्यसन. ऐन नेम धरताना बंदुकीवर एक फुलपाखरू येऊन बसते, गोळी भलत्यालाच लागते आणि शिकारी स्वतःच सावज होतो.

५/ एका प्रसंगात हानादा तळघरातील नळ उघडा करून त्यातून वर गोळी झाडतो. वरच्या मजल्यावर बेसिनवर वाकलेला माणूस मरतो. हे कसे घडले याचा खुलासा करण्यासाठी चित्रपट थांबत नाही. हत्येची कारागिरी, वासना आणि मृत्यूचे भय हे सारे एकाच थंड, काहीशा विनोदी सुरात पुढे सरकत राहते.

६/ कंपनीचे अध्यक्ष क्यूसाकू होरी यांना हा सूर मानवला नाही. एप्रिल १९६८ मध्ये सुझुकींना दूरध्वनी आला : या महिन्यापासून पगार मिळणार नाही. आरोप एवढाच, की त्यांचे चित्रपट कोणाला कळत नाहीत आणि त्यातून पैसा मिळत नाही.

७/ त्याच सुमारास काझुको कावाकिता यांच्या सिनेमंडळाने सुझुकींच्या ३७ चित्रपटांचा महोत्सव आखला होता. होरींनी प्रती देण्यास नकार दिला. दिग्दर्शकाला काढणे हा कंपनीचा अंतर्गत मामला म्हणता आला असता. पण चित्रपटच कुलपात गेल्यावर प्रेक्षकांच्या हक्काचा प्रश्न उभा राहिला. विद्यार्थी, समीक्षक आणि दिग्दर्शक रस्त्यावर उतरले.

८/ जूनमध्ये सुझुकींनी कंपनीला न्यायालयात खेचले. खटला साडेतीन वर्षे चालला. दरम्यान निक्कात्सु आर्थिक गर्तेत सापडली आणि १९७१ च्या अखेरीस प्रौढांसाठीच्या स्वस्त चित्रपटांकडे वळली. त्याच डिसेंबरात तडजोड झाली. मागणीच्या मानाने अल्प असे १० लाख येन आणि होरींची माफी सुझुकींना मिळाली. ‘ब्रँडेड टू किल’ आणि ‘फायटिंग एलिजी’ हे दोन चित्रपट टोकियोच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या चित्रपट विभागाकडे सुपूर्द करण्याचेही ठरले.

९/ तडजोडीतील सर्वांत मोलाची बाब कदाचित हीच. कंपनीला नकोसा झालेला चित्रपट आता सार्वजनिक ठेवा बनला. सुझुकींची किंमत मात्र मोठी होती. मालकाला न्यायालयात नेणाऱ्या माणसाला कोणतीच मोठी कंपनी दारात उभी करीना. दूरचित्रवाणी, जाहिराती आणि लेखन यांवर त्यांनी दिवस काढले. १९७७ मध्ये ते चित्रपटाकडे परतले. १९८० च्या ‘त्सिगॉयनरवायझन’ला चित्रपटगृहे मिळेनात, तेव्हा निर्माते गेन्जिरो आराटो यांनी तो फिरत्या तंबूत दाखवला. त्या वर्षीच्या जपानी चित्रपटांत त्याने मानाची पारितोषिके पटकावली.

१०/ यथावकाश महोत्सव, व्हिडिओ फिती आणि डीव्हीडी यांतून ‘ब्रँडेड टू किल’ जगभर पोहोचला. १९९९ मध्ये अमेरिकन दिग्दर्शक जिम जार्मुश यांनी ‘घोस्ट डॉग’मध्ये नळातून गोळी झाडण्याचा तोच प्रसंग मुजरा म्हणून पुन्हा उभा केला. सुझुकींनी स्वतः २००१ मध्ये ‘पिस्तूल ऑपेरा’त त्या मारेकऱ्यांच्या क्रमवारीची कथा नव्याने मांडली.

११/ फेब्रुवारी २०१७ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी सुझुकींचे निधन झाले. ज्या चित्रपटापायी त्यांची हकालपट्टी झाली, त्याच्याच नावाने आज त्यांची आठवण निघते. हा चित्रपट पुढच्या पिढ्यांना पाहता आला, कारण १९६८ मध्ये काही प्रेक्षकांनी आणि एका बेकार झालेल्या दिग्दर्शकाने त्यावरचे कुलूप मान्य केले नाही.