मित्सी आणि हॅरी आले कुठून?

बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या एखाद्या शाळकरी पोराला विचारा, शिनचॅनच्या आईचं नाव काय? उत्तर तयार असतं: मित्सी. बापाचं? हॅरी. जपानमध्ये मात्र या नावांनी त्या दोघांना कुणी ओळखणार नाही. तिथे आई मिसाए आहे आणि बाप हिरोशी. बाकी सगळं घर आपल्याकडेही जपानीच राहिलं आहे. आडनाव नोहारा, धाकटी बहीण हिमावारी, कुत्रा शिरो, गाव तोक्योजवळचं कासुकाबे. मग एकाच घरात आईबापांचीच नावं तेवढी इंग्रजी कशी झाली? हे शोधायला बसलं की तीन खंडांत फिरलेल्या एका डबिंगची कुळकथा हाती लागते.

शिनचॅन मुळात लहान मुलांसाठी जन्मलाच नव्हता. योशितो उसुई या चित्रकाराने १९९० साली प्रौढ वाचकांच्या ‘वीकली मांगा ॲक्शन’ या साप्ताहिकात त्याला आणलं. कर्ज काढून घेतलेलं घर, दमून परतणारा बाप, चिडचिडी पण मायाळू आई आणि कुणासमोर काय बोलावं याचा पोच नसलेलं पाच वर्षांचं पोर. हसवलं जात होतं ते मोठ्या माणसांना. १३ एप्रिल १९९२ रोजी ‘टीव्ही असाही’वर त्याची मालिका सुरू झाली आणि ती अजून चालू आहे. अकिको याजिमा यांनी २०१८ पर्यंत शिनचॅनला आवाज दिला. तो घोगरा, रेंगाळता, शेपूट ओढत चालणारा आवाज त्यांचाच. जगभरच्या डबिंग कलाकारांना पुढे तोच गाठायचा होता.

इंग्रजीने या पोराला एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा नवं तोंड दिलं. पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेतल्या ‘विटेलो प्रॉडक्शन्स’चा. ही आवृत्ती २००२च्या सुमारास ब्रिटनमधल्या मुलांच्या वाहिनीवर दिसू लागली. प्रेक्षक लहान, म्हणून चावट विनोद छाटले गेले आणि नावंही बदलली. मिसाएची मित्सी झाली, हिरोशीचा हॅरी, हिमावारीची डेझी. २००६ साली टेक्सासच्या ‘फनिमेशन’ने अगदी उलटी वाट धरली. रात्री उशिराच्या ‘ॲडल्ट स्विम’ या प्रसारणासाठी त्यांनी संवाद जवळजवळ नव्याने लिहिले, अमेरिकन राजकारणावरचे टोले घातले आणि मालिका पुन्हा मोठ्यांची करून टाकली. तिथे लॉरा बेली यांचा आवाज होता. चित्रं तीच आणि बोलणं मात्र पार वेगळं, अशी दोन पोरं इंग्रजीत एकाच दशकात वावरली.

भारतात शिनचॅन आला तोही २००६ सालीच, ‘हंगामा’ वाहिनीवर. यूटीव्हीने २००४ साली काढलेली ही वाहिनी पुढे डिस्नेकडे गेली. मुंबईतल्या हिंदी डबिंगने काझामा, मासाओ, नेने आणि बो या शिनचॅनच्या मित्रमंडळींची जपानी नावं जपली, हिमावारीची डेझी केली नाही, पण मित्सी आणि हॅरी त्या पहिल्या इंग्रजी आवृत्तीतून उचलून ठेवले. माजलगावच्या पोराच्या तोंडी बसलेली ही दोन नावं म्हणजे त्या इंग्रजी डबिंगचा मागे राहिलेला ठसा.

हा हिंदीचा विवेक किती मोलाचा होता, ते डोरेमॉन या दुसऱ्या जपानी कार्टूनकडे पाहिलं की कळतं. हिंदी डोरेमॉन ‘हंगामा’वर २००५ पासून आहे. सोनल कौशल यांनी लहान वयातच त्याला आवाज दिला आणि सिमरन कौर यांचा नोबिता घरोघरी पोचला. नोबिता, शिझुका, जियान, सुनियो ही सगळी नावं जपानीच राहिली. अमेरिकेत मात्र डोरेमॉन २०१४ साली डिस्नेच्या वाहिनीवर आला तो ओळख पुसून. नोबिताचा ‘नोबी’ झाला, जियानचा ‘बिग जी’, शिझुकाची ‘स्यू’. येनच्या जागी डॉलर आले आणि जेवणातल्या काड्यांच्या जागी काटे. डोरेमॉनच्या लाडक्या खाऊलाही, दोरायाकीलाही, नवं नाव मिळालं. आपली मुलं दोरायाकी पाहूनच वाढली आणि त्यांचं काहीही बिघडलं नाही. परकं ते आपल्या पोरांना झेपणार नाही, ही भीती प्रत्येक ठिकाणी मोठ्यांनाच होती.

डबिंगचं काम दिसतं तितकं सोपं नाही. छोट्या खोलीत कलाकार एकटा माईकसमोर उभा असतो. कानात मूळ आवाज, समोर पडद्यावर चित्र, स्टँडवर वाक्यावाक्याची वेळ टाकलेली संहिता. चित्रातलं तोंड उघडलं की बोलणं सुरू आणि मिटलं की संपलं पाहिजे. जपानी कार्टूनमध्ये ओठांचे आकार मोजकेच काढलेले असतात, त्यामुळे अक्षराला अक्षर जुळवावं लागत नाही. लांबी मात्र काटेकोर. संवाद लिहिणारा जागा उरली तर एखादा ‘अरे’ किंवा ‘ना’ घालतो, वाक्य लांबलं तर छाटतो. मुलाचा आवाज वयात येताना फुटतो आणि मालिका वर्षानुवर्षं चालते, म्हणून ही पोरं बहुतेक ठिकाणी बायकांच्याच आवाजात बोलतात. जपानी, इंग्रजी, हिंदी, तिन्हींत तेच.

आणि इथे हिंदी-मराठीला एक मोठी सोय आहे, जी इंग्रजीला नाही. जपानी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. ‘आईने माझा खाऊ फ्रीजच्या मागे लपवला’ या वाक्यात गंमत ‘लपवला’पाशी फुटते आणि मूळ चित्रातलं तोंडही तिथेच वाकडं होतं. इंग्रजीत क्रियापद आधी येऊन जातं, म्हणून लेखकाला विनोदाची जागा पुन्हा शोधावी लागते. शिवाय ‘तू’ आणि ‘तुम्ही’तला फरक आपल्याकडे आयता आहे. शिनचॅन बाईंशी सलगीने बोलला की त्यात काय आगाऊपणा झाला, हे मराठी घरात समजावून सांगावं लागत नाही.

जपानी कार्टून हिंदीत आणण्याच्या वाटेवरचं एक पाऊल शिनचॅन-डोरेमॉनहूनही जुनं आहे. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ लागायचं, तेही जपानच्या ‘निप्पॉन ॲनिमेशन’चंच. गुलजारांचं शीर्षकगीत, विशाल भारद्वाज यांचं संगीत आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. एका मराठी नटाच्या गुरगुरण्याने जपानी वाघाला भारतात दरारा मिळाला, ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशी आहे. त्याच्या पुढची पायरी ‘निन्जा हातोरी’ची: २०१२ साली त्याची नवी मालिका जपानच्या ‘शिन-एई’ने भारतातल्या रिलायन्ससोबत मिळून काढली. आपण नुसतं आवाज देणारे राहिलो नव्हतो.

अडथळेही आले. २००८ साली पालकांच्या तक्रारींवरून केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने शिनचॅन बंद केला. पुढच्या वर्षी तो कात्री लागून परतला. त्याच २००९ सालच्या सप्टेंबरात उसुई डोंगरावरून पडून गेले. बांगलादेशाने २०१३ साली हिंदी डोरेमॉनवर बंदी घातली, कारण मुलं बांगला सोडून हिंदी बोलू लागली होती. पुढे तिथे डोरेमॉन बांगलात आला.

पोरांच्या तोंडी कार्टूनची भाषा बसण्याचा तो प्रश्न माजलगावचाही आहे. हिंदी इथे परकी नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा, बाजारात दखनी कानावर पडतच आली. पण दखनी माणसांकडून, देवघेवीतून आली. कार्टूनची हिंदी एकट्या बसलेल्या पोराला पडद्यातून मिळते. सिंदफणेच्या काठच्या या तालुक्यातून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीचे कोयते निघतात. आईबाप फडात आणि पोर कोपीत मोबाइल धरून बसलेलं, तेव्हा दिवसभर त्याच्याशी बोलणारी भाषा कोणती, याला महत्त्व आहे.

निकसारख्या काही वाहिन्यांवर आता मराठीचा पर्याय मिळतो. पण तो आवाज अजून पुस्तकी वाटतो. ‘काय करायलास’, ‘कुठं चाललास रं’ म्हणणारा शिनचॅन मराठीत जन्मायचा आहे आणि त्याला लागणारे नट, लेखक बीड-परभणीच्या नाट्यस्पर्धांतून शोधावेत, ते मिळतील. वाहिन्यांनी तेवढी तसदी घ्यावी. आणि घरच्या मोठ्यांनी आज संध्याकाळी रिमोटवरचं भाषेचं बटण दाबून मराठी लावावी; ऐकणारे वाढले तरच वाहिन्या त्यावर पैसा खर्च करतील.