देवगिरीच्या ज्योतिषांचे पूर्णांकन

देवगिरीचा यादव राजा जैत्रपाल याने भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर याला पाटणहून आपल्या दरबारी नेले आणि लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव पुढे सिंघण राजाचा ज्योतिषी झाला, ही माहिती चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके 1128 च्या (इ.स. 1207) शिलालेखातून मिळते. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चांगदेवाने काढलेल्या मठाला मिळालेल्या दानाचा हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्याचा बहुतांश भाग संस्कृतात असून अखेरच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नडचा घाट उतरल्यावर लागणाऱ्या या परिसरात जी विद्या शिकवली जाई, तिच्यात पूर्णांकनदोषाचा, म्हणजे अपूर्णांक सोडून जवळची संख्या घेतल्याने येणाऱ्या चुकीचा, बंदोबस्त मुरलेला होता.

भास्कराचार्यांनी ग्रहगणितासाठी दिलेल्या लघुज्या हे त्याचे सोपे उदाहरण होय. त्रिज्या 120 धरून दर दहा अंशांना येणाऱ्या ज्या, म्हणजे अर्ध्या जीवेच्या लांबी, त्यांनी 21, 41, 60, 77, 92, 104, 113, 118 आणि 120 अशा निव्वळ पूर्णांकांत मांडल्या. दहा अंशांची ज्या खरे पाहता सुमारे 20.84 भरते, तिथे 21 घेतल्याने येणारा फरक झटपट गणितासाठी चालण्याजोगा होता, आणि जिथे तो चालत नसे तिथे 3438 त्रिज्येचे 24 ज्यांचे सविस्तर कोष्टक हाताशी होते.

याहून मोलाची आहे ती ‘लीलावती’तील वर्गमुळाची रीत. काटकोन त्रिकोणाच्या दोन्ही भुजा सव्वातीन असतील तर कर्णाचा वर्ग 169/8 येतो आणि त्याचे मूळ नेमके निघत नाही. तेव्हा अंश आणि छेद यांचा गुणाकार 1352 घेऊन तो एखाद्या मोठ्या वर्गाने, येथे 10000 ने, गुणावा, म्हणजे 13520000 होतात. त्यांचे जवळचे मूळ 3677 घेऊन त्याला 8 आणि 100 यांच्या गुणाकाराने, 800 ने, भागले की 4 पूर्णांक 477/800 हे उत्तर मिळते. येथे 3676 वर न थांबता 3677 घेतले आहे, कारण खरे मूळ 3676.95 च्या आसपास आहे. शेपूट नुसते छाटण्यापेक्षा जवळचा अंक घेणे बरे, हा विवेक त्या एका आकड्यात दिसतो. आणखी मोठा वर्ग घ्यावा, तितकी चूक घटते.

चूक साचते ती मात्र पुनरावृत्तीने. ग्रहाची दैनिक गती सोप्या अपूर्णांकात घेतली तर तिच्यातील उणीव अहर्गणाने, म्हणजे आरंभापासून लोटलेल्या दिवसांच्या संख्येने, गुणली जाते. म्हणूनच ‘करणकुतूहला’त भास्कराचार्यांनी 432 कोटी वर्षांच्या कल्पाचा आरंभ सोडून शके 1105 (इ.स. 1183) हा जवळचा आरंभ धरला. पुढे कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघवा’त (शके 1442) 11 वर्षांची चक्रे योजून अहर्गण 4016 दिवसांच्या आत ठेवला आणि ज्यांना पूर्णपणे फाटा दिला.

आवाज किंवा हृदयाचा विद्युतालेख अंकांत बदलून त्यावर काम करणारा संगणक हेच प्रश्न सोडवतो. 16 बिटांच्या कोष्टकात 120 च्या जागी 32767 ही त्रिज्या येते. ज्या अंकीय गाळणीत (फिल्टरमध्ये) उत्तर पुन्हा आत फिरवले जाते तिच्यात छाटल्याने आलेली चूकही फिरत राहते, आणि मूळ आवाज थांबला तरी बारीक कंप उरू शकतो. मधल्या पायऱ्यांत जादा बिट राखून पूर्णांकन शेवटी करणे, हा त्यावरचा रूढ उपाय 10000 ने गुणण्याच्याच जातीचा आहे. मराठवाड्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत हा विषय शिकवताना 3677 चे हे उदाहरण पहिल्याच तासाला फळ्यावर सोडवून दाखवले जावे.