कारखान्याची भिंत आणि कामगाराचे घर : अल्कोआ येथील अ‍ॅस्बेस्टॉसचा प्रश्न

कामगारांचा इतिहास बहुधा वेतन, कामाचे तास, संप आणि संघटना यांच्या आधारे लिहिला जातो. कारखान्यातील धूळ कामगाराच्या कपड्यांवरून घरात पोहोचली, तर तिची नोंद कोणत्या इतिहासात करावयाची, हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील अल्कोआ या नगराच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

अल्कोआ कंपनीने येथे १९१४ मध्ये अ‍ॅल्युमिनियमचे उत्पादन सुरू केले. तिच्याच नावाचे नगर १९१९ मध्ये अस्तित्वात आले. वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये अ‍ॅल्युमिना विरघळवून सुमारे ९५० अंश सेल्सिअस तापमानाला त्याचे विद्युत अपघटन केले जाते. अशा उद्योगात न जळणारे, उष्णतारोधक अ‍ॅस्बेस्टॉस सोयीचे होते.

त्याचे धोके अज्ञात नव्हते. ब्रिटनमधील मेरेवेदर व प्राइस यांचा अहवाल १९३० चा आहे. न्यूहाउस व थॉम्पसन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या लंडनमधील रुग्णांत केवळ घरातील कामगारामुळे संपर्क आलेल्या व्यक्तीही होत्या.

या कारखान्यात १९७० च्या दशकात काम केलेल्या एका कामगाराची कन्या २००५ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी, मेसोथेलिओमा या कर्करोगाने मृत्यू पावली. वडिलांच्या कपड्यांवरील तंतूंमुळे हा रोग झाला, असा दावा होता. जी व्यक्ती आपल्या नोकरीत नव्हती, तिच्याबाबत आपले कर्तव्य नाही, अशी कंपनीची भूमिका होती. ९ सप्टेंबर २००८ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य केली. दूषित कपड्यांशी नियमित, दीर्घकाळ आणि निकट संपर्क येणाऱ्यांबाबतही वाजवी काळजी घेणे हे कंपनीचे कर्तव्य ठरले. आरोप सिद्ध झाले की नाही, हा त्या वेळी निर्णयाचा विषय नव्हता. कर्तव्याची व्याप्ती एवढाच मुद्दा होता. तथापि त्याचे ऐतिहासिक महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

येथील धातू गाळण्याचे काम २००९ मध्ये थांबले आणि २०१२ मध्ये तो विभाग कायमचा बंद करण्याची घोषणा झाली. परंतु मेसोथेलिओमा संपर्कानंतर अनेकदा २० ते ५० वर्षांनी प्रकट होतो. म्हणजे कारखाना बंद पडल्यानंतरही त्याचा इतिहास घडतच असतो. हजेरीपटावर कामगाराचे नाव सापडते. त्याचे कपडे झटकून धुणाऱ्या पत्नीचे अथवा त्याच्या कडेवरील अपत्याचे सापडत नाही. अशा कुटुंबीयांचा समावेश केल्याविना औद्योगिक श्रमाचा इतिहास पूर्ण होणार नाही, हाच या प्रकरणाचा निष्कर्ष होय.