विलायतेला जाताना काय काय लागतं?

मेढ्याहून लंडनला जायचं तर आज काय लागतं? पासपोर्ट, काही महिन्यांचं बँक स्टेटमेंट, नोकरी असेल तर साहेबाचं रजेचं पत्र, ऑनलाइन फॉर्म, आणि मुंबई किंवा पुण्याला जाऊन दिलेले बोटांचे ठसे. हे जमलं की एसटीने सातारा, तिथून मुंबई, आणि साधारण दहा तासांत हीथ्रो. तिथल्या प्लगला तीन चपट्या पिना असतात, गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. ही माहिती मोबाइलवर दोन मिनिटांत सापडते.

१८३९ साली ही माहिती कुठून मिळवायची?

हा प्रश्न साताऱ्याच्या एका माणसापुढे खरोखरच उभा राहिला. रंगो बापूजी गुप्ते हे छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे वकील. वकील म्हणजे कोर्टातला काळा कोटवाला नव्हे, तर राजाच्या वतीने बोलणारा माणूस. सप्टेंबर १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने प्रतापसिंहांना गादीवरून उतरवून काशीला पाठवलं आणि त्यांचे धाकटे भाऊ आप्पासाहेब यांना गादीवर बसवलं. आरोप होते गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचे आणि कंपनीचे शिपाई फितवल्याचे. महाराजांचं म्हणणं, सगळं खोटं. दाद मागायची तर कंपनीच्या मालकांकडे, म्हणजे लंडनला.

आधी मुंबई गाठायची. प्रतापसिंहांनीच सातारा-महाबळेश्वर रस्ता करून घेतला होता. आज मेढा-केळघरवरून एसटी घाट चढते, तोच हा मुलूख. महाबळेश्वरहून पार घाट उतरला की महाड, आणि तिथून सावित्रीच्या खाडीने बाणकोट करत होडीने मुंबई. मुंबईचे साहेब थंड हवेसाठी या वाटेने वर येत.

मुंबईहून पुढे दोन रस्ते. आफ्रिकेला वळसा घालणारं शिडाचं जहाज चार-पाच महिने घ्यायचं. दुसरा रस्ता नवा होता. १८३० मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून ३२ दिवसांत सुएझला पोहोचली. कोळसा इतका लागायचा की प्रवाशांच्या जागेतही तोच भरलेला. सुएझ कालवा व्हायला अजून तीस-चाळीस वर्षं होती. त्यामुळे सुएझला उतरून वाळवंटातून कैरो, मग नाईल नदीने अलेक्झांड्रिया आणि तिथून दुसरी बोट.

जेवणाचं काय? याबाबतीत मराठी माणसाच्या गाठीशी एक जुना अनुभव होता. १७८१ मध्ये राघोबादादांनी हणमंतराव नावाच्या ब्राह्मणाला आपला वकील म्हणून लंडनला पाठवलं होतं. तिथे सोवळ्यात स्वयंपाक कुठे करायचा? शेवटी खासदार एडमंड बर्क यांनी आपल्या गावाकडच्या घरचं, झाडं ठेवायचं काचघर त्यांना दिलं. परतल्यावर मात्र समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त म्हणून त्यांना सोन्याच्या योनीतून बाहेर येऊन ‘पुनर्जन्म’ घ्यावा लागला, अशी नोंद आहे. विलायतेत चूल मिळाली होती. अडचण घरी आल्यावर झाली.

रंगो बापूजींचं नेमकं उलट झालं. रस्ता, बोट, जेवण, थंडी हे सगळं पार करता आलं. अडलं ते कागदावर.

त्यांच्याकडे महाराजांनी दिलेला अधिकार होता. पण तो मान्य करणार कोण? लेडनहॉल स्ट्रीटवरच्या ईस्ट इंडिया हाउसमधून साताऱ्याच्या वकिलांना उत्तर मिळालं, की अर्ज मुंबई सरकारमार्फत या. म्हणजे ज्या सरकारने राजाला उतरवलं, त्याच्याच हातून राजाची तक्रार पाठवायची! १८१९ च्या तहानेच रेसिडेंटला बगल देऊन परभारे बोलणी करण्यावर बंदी घातली होती. राज्यच काढून घेतल्यावरही ती बेडी पायात राहिली. आज व्हिसा नाकारला तर निदान कारणाचं पत्र येतं आणि पुन्हा अर्ज करता येतो.

मग हा माणूस कंपनी आतून कशी चालते ते शिकला. मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात थोर वाटतो. कंपनी म्हणजे शेवटी एक कंपनीच. तिचे भागधारक होते, त्यांच्या सभा होत, आणि पुरेसे भाग असलेला माणूस तिथे उभा राहून संचालकांना जाब विचारू शकत असे. संचालकांनी दार लावलं, तर भागधारकांची खिडकी उघडी होती. गुलामगिरीविरुद्ध लढणारे जॉर्ज थॉम्प्सन आणि खासदार जोसेफ ह्यूम यांनी या सभांत साताऱ्याची बाजू मांडली. वर्षानुवर्षं वाद झाले, पत्रकं छापली गेली. मतदानात मात्र हारच झाली.

१८४७ मध्ये प्रतापसिंह काशीतच वारले. पुढच्याच वर्षी आप्पासाहेब गेले, आणि डलहौसीने दत्तक नाकारून राज्यच खालसा केलं. ज्याच्यासाठी भांडायचं तो राजाही नाही आणि राज्यही नाही. तरी रंगो बापूजी लंडनमध्येच होते. पैसा संपला, कर्ज झालं. १८५३ मध्ये ते परतले, तेव्हा वाटखर्च अखेर कंपनीनेच दिला. जवळपास चौदा वर्षांच्या मुक्कामानंतर हे परतीचं तिकीट.

कंपनीला ते महागात पडणार होतं. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाचा कट उघडकीला आला. ८ सप्टेंबरला गेंडामाळावर १७ जणांना देहदंड झाला, त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीतारामही होता. रंगो बापूजींवर बक्षीस लागलं. ते कधीच सापडले नाहीत. अर्ज, सभा, पत्रकं हे सगळं करून पाहिलेला माणूस उठावाकडे वळला, ही गोष्ट अर्ज करून थकलेल्या कुणालाही समजावून सांगावी लागणार नाही.

तेव्हा कधी लंडनला गेलात, तर दोन जागा लिहून ठेवा. ईस्ट इंडिया हाउस १८६० च्या दशकातच पाडलं गेलं. त्या जागेवर आता लॉइड्सची नळ्यांनी मढलेली चकचकीत इमारत आहे. बँक किंवा मॉन्युमेंट स्टेशनला उतरून चालत जाता येतं. दुसरी जागा किंग्ज क्रॉसजवळची ब्रिटिश लायब्ररी. कंपनीचं दप्तर तिथे आहे, आणि साताऱ्याच्या प्रकरणाचे कागदही त्यातच. वाचकाचा पास फुकट मिळतो. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा बरोबर ठेवा. पिशवी लॉकरमध्ये ठेवावी लागते. पेन आत चालत नाही, तेव्हा पेन्सिल न्या.