पाटी की वही? टॅब्लेट आणि लॅपटॉप यांची कुळकथा

शाळेकडे थोडी रक्कम जमली, की शिक्षकांच्या खोलीत हल्ली एक वाद हमखास निघतो. टॅब्लेट घ्यावेत की लॅपटॉप? आमच्या गटाच्या एका बैठकीतही तो निघाला. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "टॅबच घ्या. माझी मुलं बोटानं चालवतील, वेगळं शिकवावं लागणार नाही." त्यावर नववी-दहावीचे सर म्हणाले, "आणि बाई, प्रश्नपत्रिका काय बोटानं काढायची? प्रकल्पाचे अहवाल मुलं कशावर लिहिणार?" पैसे एकदाच मिळणार होते आणि दोन्ही गोष्टी पुरेशा घेण्याइतके नव्हते. निर्णय चुकला तर यंत्रे कपाटात जाऊन बसणार, हे सर्वांना ठाऊक होते. तशी कपाटे आपण सर्वांनीच पाहिलेली आहेत.

अशा वेळी दुकानातले माहितीपत्रक फारसे कामी येत नाही. त्यात यंत्राचा वेग आणि साठवणक्षमता दिलेली असते. ते कशासाठी बनले, हे दिलेले नसते. ही दोन यंत्रे कोणत्या गरजेतून जन्मली हे पाहिले, तर निवड थोडी सोपी होते असा आमचा अनुभव आहे.

प्रश्न तसा जुनाच आहे. आपल्याकडे पाटीवर धूळ पसरून त्यावर आकडेमोड करत. 'धुळाक्षरे गिरवणे' हा शब्दप्रयोग त्यातूनच भाषेत राहिला. प्राचीन रोममध्ये मेण भरलेल्या लाकडी पाट्या वापरत आणि अशा दोन पाट्या कडेला जोडून पुस्तकासारख्या मिटत. एक पाटी हातात धरावी की दोन फळ्या जोडून त्या मिटाव्यात, हाच आजच्या प्रश्नाचाही गाभा आहे.

मुलांसाठी पाहिलेले स्वप्न

१९६८ साली अ‍ॅलन के या तरुण अमेरिकी संशोधकाने सीमोर पेपर्ट यांचे काम पाहिले. पेपर्ट आणि त्यांचे सहकारी लहान मुलांना 'लोगो' या भाषेत संगणकाला सूचना द्यायला शिकवत होते. मुले संगणक नुसता वापरत नव्हती, त्याच्याकडून आपल्या मनातले करून घेत होती. के यांच्या मनावर याचा खोल परिणाम झाला. पुढे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात असताना, १९७२ मध्ये, त्यांनी 'सर्व वयांच्या मुलांसाठी' एका वैयक्तिक संगणकाची कल्पना मांडणारा निबंध लिहिला. या यंत्राला त्यांनी नाव दिले 'डायनाबुक'.

डायनाबुक वहीएवढे असावे, वजन ४ पौंडांपेक्षा (सुमारे १.८ किलो) कमी असावे आणि किंमत ५०० डॉलरच्या आसपास असावी, असे त्यांना वाटत होते. निबंधात दोन मुले ते घेऊन घराबाहेर खेळताना दाखवली आहेत. त्या काळी संगणक कपाटाएवढे असत, हे लक्षात घेतले म्हणजे ही झेप किती मोठी होती ते कळते. डायनाबुक तेव्हा तयार होऊ शकले नाही. पण त्याचे चित्र पाहिले तर गंमत दिसते: ती एक सपाट पाटी आहे, म्हणजे टॅब्लेट, आणि तिच्या खालच्या भागावर कळफलक आहे, म्हणजे लॅपटॉप. आजच्या दोन्ही यंत्रांचा हा समान पूर्वज. पुढे कळफलकाची वाट वेगळी झाली आणि लेखणीची वेगळी.

झाकण मिटणारे यंत्र

कळफलकाच्या वाटेवरचे पहिले गाजलेले यंत्र म्हणजे १९८१ चे 'ऑस्बोर्न १'. त्याचे वजन ११ किलो, पडदा जेमतेम ५ इंचांचा आणि किंमत १,७९५ डॉलर. ते शिलाई मशिनसारखे उचलून न्यावे लागे आणि चालवायला भिंतीतली वीजच लागे. पुढच्याच वर्षी 'ग्रिड कंपास' आला. बिल मॉग्रिज यांनी त्याची रचना अशी केली, की बिजागरीवर फिरणारा सपाट पडदा कळफलकावर मिटावा. किंमत ८,००० डॉलरच्या वर असल्याने तो सामान्यांच्या आवाक्यात नव्हता. अमेरिकेच्या अंतराळयानातून मात्र तो जाऊन आला. १९८३ मध्ये 'टीआरएस-८० मॉडेल १००' निघाले. त्यावर फक्त ८ ओळी दिसत, पण ते टॉर्चला लागतात तशा ४ साध्या सेलवर चाले. बातमीदारांना ते फार आवडले, कारण त्यांना लिहायचे होते.

बिजागरीने पडद्याचे रक्षण झालेच, पण त्याहून महत्त्वाचे एक काम झाले. लिहिताना हात खाली आणि नजर समोर असावी लागते. बिजागरीमुळे पडदा उभा आणि कळफलक आडवा राहतो. टॅब्लेट मांडीवर ठेवला तर मान वाकते. उभा धरून बोटाने चालवला तर थोड्या वेळात खांदा भरून येतो. तासभर लिहिणाऱ्याला लॅपटॉप बरा वाटतो, तो यामुळे.

लेखणीची वाट

दुसरी वाट १९६४ च्या 'रँड टॅब्लेट'पासून दिसते. सुमारे १० इंच लांब-रुंद पृष्ठभागाखाली बारीक तारांची जाळी होती. लेखणी कोठे टेकली आहे, हे त्या जाळीवरून संगणकाला कळे. मात्र चित्र उमटे ते समोरच्या वेगळ्या पडद्यावर.

लेखणी आणि पडदा एकत्र आलेले 'ग्रिडपॅड' १९८९ मध्ये बाजारात आले. त्याचे रचनाकार जेफ हॉकिन्स. १९९३ मध्ये अ‍ॅपल कंपनीने 'न्यूटन' काढला. तो माणसाचे हस्ताक्षर वाचणार होता, पण सुरुवातीला इतके चुकीचे वाचू लागला की तो विनोदाचा विषय झाला. हॉकिन्स यांनी १९९६ च्या 'पाम पायलट'मध्ये उलटा विचार केला. यंत्राला सर्वांची अक्षरे शिकवण्यापेक्षा, माणसालाच थोडी सोपी केलेली अक्षरे काढायला सांगितली. हे यंत्र भरपूर खपले. नवे साधन आले की शिकावे कोणी, साधनाने की माणसाने, हा प्रश्न आपल्यालाही नेहमी पडतो.

२००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने लेखणीवर चालणाऱ्या टॅब्लेटसाठी विंडोजची खास आवृत्ती काढली. पण आतले कार्यक्रम माउससाठी बनवलेले होते. त्यांची बारीक बटणे लेखणीने टिपताना माणसे कंटाळत. शेवटी २०१० मध्ये अ‍ॅपलचा 'आयपॅड' आला: ९.७ इंचांचा पडदा, सुमारे ६८० ग्रॅम वजन आणि ४९९ डॉलरपासून किंमत. तो चालला याची तीन कारणे सांगता येतील.

पहिले कारण काच. जुन्या स्वस्त पडद्यांत दोन पातळ थर दाबून एकमेकांना टेकवावे लागत. नव्या पडद्याच्या काचेवर विद्युतवाहक पण पारदर्शक थर असतो. आपले बोट विद्युतवाहक असल्याने ते जवळ येताच तेथील विद्युतधारिता बदलते आणि यंत्राला जागा कळते. दाबावे लागत नाही, आणि एका वेळी दोन बोटेही ओळखता येतात.

दुसरे कारण कमी वीज खाणारा प्रोसेसर. 'आर्म' या रचनेची पहिली चिप १९८५ मध्ये इंग्लंडमधील एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांच्या आराखड्यावरून तयार झाली. याच कंपनीने ब्रिटिश शाळांत पोचलेला 'बीबीसी मायक्रो' हा संगणक बनवला होता. म्हणजे आजच्या बहुतेक टॅब्लेटच्या मेंदूचे मूळ शाळेच्या संगणकाशी जोडलेले आहे!

तिसरे कारण, आतले कार्यक्रम पहिल्यापासून बोटासाठी आखलेले होते.

शाळांनी घेतलेली परीक्षा

'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही १०० डॉलरच्या संगणकाची योजना २००५ मध्ये जाहीर झाली. तिची 'एक्सओ' ही हिरवी-पांढरी यंत्रे २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील एका लहान शाळेतही आली होती. या यंत्राचा पडदा फिरवून उलटा मिटला, की त्याची वाचायची पाटी होई. दोन्ही वाटा जोडण्याचाच तो प्रयत्न होता. किंमत मात्र १०० डॉलरवर आणता आली नाही.

भारत सरकारचा 'आकाश' टॅब्लेट ऑक्टोबर २०११ मध्ये आला. त्याचा पडदा दाबून चालवायचा, जुन्या प्रकारचा होता आणि प्रोसेसर अगदी मंद. या तक्रारींनंतर २०१२ च्या 'आकाश-२' मध्ये पडदा आणि प्रोसेसर दोन्ही बदलले गेले. किंमत कमी ठेवताना नेमके काय कमी केले, हे विचारले पाहिजे, असा धडा आपण यातून घेऊ शकतो.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या शाळांनी २०१३ मध्ये सर्व विद्यार्थ्यांना आयपॅड देण्याची योजना आखली. संगणकावर होणाऱ्या नव्या परीक्षांसाठी वेगळे कळफलकही घ्यावे लागणार, हा खर्चाचा मुद्दा मागाहून पुढे आला. खरेदीच्या व्यवहारावरही वाद झाले आणि २०१४ मध्ये योजना गुंडाळली गेली. मेन राज्याने २००२ पासून सातवीच्या मुलांना लॅपटॉप दिले होते; पुढे तेथील काही शाळांनी आयपॅड घेतले. २०१६ मध्ये त्यांतील काहींनी ते परत करून पुन्हा लॅपटॉप घेतले. मोठ्या मुलांना लिहिण्यासाठी कळफलक हवा, असे तेथील शिक्षकांचे म्हणणे होते.

मराठी लिहायचे तर

आपल्यापुढे आणखी एक प्रश्न आहे. भारतीय लिपींसाठीच्या 'इन्स्क्रिप्ट' कळफलकात डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने येतात. काही आठवडे सराव केला की न पाहता मराठी टंकलिखित करता येते. कारण कळ कोठे आहे हे बोटांना स्पर्शाने कळते. काचेला मात्र उंचवटे नसतात. तेथे नजर सतत अक्षरांवर ठेवावी लागते, आणि कळफलक पडद्याचा मोठा भागही व्यापतो. जोडाक्षरे आली की हे अधिकच जाणवते. उलट आकृती काढायची, पानाचा फोटो घेऊन त्यावर खुणा करायच्या, मुलाचे वाचन ध्वनिमुद्रित करायचे, तर टॅब्लेट सरस ठरतो.

मग काय ठरवावे?

आता या दोन वाटा पुन्हा जवळ येत आहेत. २०२० मध्ये अ‍ॅपलने आपल्या लॅपटॉपमध्ये 'एम१' ही आर्म रचनेची चिप घातली आणि पुढच्याच वर्षी तीच चिप आयपॅडच्या एका प्रकारातही आली. टॅब्लेटला कळफलक जोडता येतो, कित्येक लॅपटॉपचे पडदे बोटाला प्रतिसाद देतात. म्हणून नुसता चिपचा वेग विचारून भागत नाही. बसायचे कसे, लिहायचे किती आणि कोणते कार्यक्रम चालवायचे, हे विचारावे लागते.

आमच्या बैठकीत शेवटी प्रत्येकाने आठवडाभरात यंत्रावर करायच्या कामांची यादी केली आणि प्रत्येक कामापुढे क्रियापद लिहिले. 'वाचणे, पाहणे, रेखाटणे, टिपणे' एका बाजूला. 'लिहिणे, तक्ते करणे, प्रोग्राम रचणे' दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू भरली, म्हणून थोडे लॅपटॉप घ्यायचे ठरले. पहिलीच्या बाईंचे समाधान झाले नाही. त्यांचे म्हणणे चूक नव्हतेच, त्यांच्या वर्गासाठी टॅब्लेटच योग्य होते. पुढची रक्कम आधी त्यांच्या वर्गाला द्यायची, असे वहीत लिहून ठेवले आहे.

काहीही घेतले तरी एक पथ्य पाळावे. ही यंत्रे लिथियम-आयन बॅटरीवर चालतात. सुटीत ती पूर्ण रिकामी करून ठेवली तर बॅटरी खराब होऊ शकते. ती साधारण निम्मी भरून थंड जागी ठेवावी आणि अधूनमधून तपासावी.

वर्गात करून पाहा

५० शब्दांचा एकच मराठी उतारा दोन्ही यंत्रांवर लिहायला द्या. लागलेला वेळ आणि झालेल्या चुका यांचा तक्ता करा. मग जास्वंदीच्या फुलाची नामनिर्देशित आकृती दोन्हींवर काढायला सांगा. शेवटी टॅब्लेटच्या पडद्याला बोट, नख, खोडरबर आणि बोटाला गुंडाळलेला अ‍ॅल्युमिनियमचा पातळ कागद हलकेच टेकवून पाहा. कशाने पडदा जागा होतो आणि कशाने नाही? का? निवड करण्याआधी हा तक्ता मुलांच्याच हातून तयार झाला, तर तो मुख्याध्यापकांपुढे ठेवायलाही बरा पडेल.